भारी शाईपेन घेण्याआधी आपला हात बघा

मी भाषांतर करते. पहिला खर्डा कायम हातानं, रोजची आठ-दहा पानं. माझ्या पन्नाशीला आईनं पैसे हातावर ठेवले आणि म्हणाली, "आता एक चांगलं पेन घे." मी दुकानात गेले, जाडजूड, सोन्याच्या निबचं एक पेन उचललं, तिथल्या गुळगुळीत पॅडवर दोनदा सही केली आणि घेऊन आले. तिसऱ्या दिवशी अंगठ्याचं मूळ ठणकायला लागलं. आठ महिने तसंच रेटलं. मग एकदा भावजींनी ते सहज हातात घेतलं. सहा फुटी माणूस, पंजाही तसाच. पानभर लिहून म्हणाले, "वहिनी, हे माझ्या मापाचं आहे." आज ते त्यांच्याबरोबर रोज कोर्टात जातं. पेन उत्तमच होतं, पण माझ्या हातापेक्षा दोन नंबर मोठं.

म्हणून सुरुवात घरी करा. मधल्या बोटावरचा घट्टा बघा. तो नखाला अगदी लागून असेल, तर तुम्ही पेन खाली, निबजवळ धरता. म्हणजे पकडीचा तो छोटासा भाग तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. घट्टा पहिल्या पेराकडे असेल, तर तुमची बोटं वर, जिथे टोपणाचे आटे असतात तिथे टेकतात. असे आटे धारदार असले की तासाभरात बोटावर वळ उठतात.

मग जाडी. हातातल्या साध्या पेनाला पकडीच्या जागी कापडी चिकटपट्टीचा एक वेढा द्या आणि दोन पानं लिहा. दुसऱ्या दिवशी आणखी एक वेढा. कुठे तरी बोटं आपोआप सैल पडतात, तिथे थांबा आणि व्हर्नियरनं माप घ्या. माझा हात मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेसोळा सेंटीमीटर. माझं माप साडेनऊ मिलिमीटर निघालं. आधीचं पेन पकडीला जवळजवळ तेरा होतं.

पेलिकान या जर्मन कंपनीच्या सुव्हरेन मालिकेबद्दल मला आदर आहे तो याचसाठी. एकाच घडणीचं पेन एम ४००, एम ६००, एम ८००, एम १००० असं चपलेच्या नंबरांसारखं चढत्या मापात मिळतं. एम ४०० जेमतेम १५ ग्रॅम. एम ८०० जवळपास दुप्पट, कारण त्याची शाई ओढून घेणारी पिस्टनची यंत्रणा पितळेची. माँ ब्लांचं मायस्टरश्टुक १४९ हे १९५२ पासूनचं पेन ३० ग्रॅमच्या वर आणि दांडीला सुमारे १५ मिलिमीटर. मोठ्या पंजाला ते छान भरतं. वजनाला मात्र घाबरू नका. ते कुठे बसतं ते बघा. पेन लिहायच्या पवित्र्यात धरा आणि बोटं ढिली करा. ते अंगठ्याच्या बेचक्यात निवांत पडून राहिलं तर ठीक. मागे ओढायला लागलं तर पाचव्या पानाला मनगट बोलेल. टोपण मागे लावून आणि काढून, दोन्ही तऱ्हांनी हे करा. छोट्या पेनाला टोपण लावून लांबी मिळते, मोठं पेन त्यानं शेपटीकडे जड होतं.

पकड धातूची असेल तर आपल्या हवेचा विचार करा. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात घामेजलेली बोटं चकचकीत धातूवरून घसरतात, मग माणूस नकळत आवळून धरतो. एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, बोटाला ऊबदार लागतं आणि निसटत नाही. आंध्रातल्या राजमहेंद्रीला १९३२ पासून हातानं एबोनाइटची पेनं घडवतात. बजेट कमी असेल तर तिकडे जरूर बघा. पायलटचं कॅपलेस म्हणजे बटण दाबून निब आत-बाहेर करायचं बिनटोपणाचं पेन. त्याची क्लिप नेमकी पकडीवर येते. अंगठा आणि तर्जनी तिच्या दोन बाजूंना बसत असतील तर ते सुरेख पेन आहे, नसतील तर रोजची अडचण.

आता निब. इथे माझं म्हणणं ठाम आहे: दुकानात मराठी लिहून बघा. सही नको, इंग्रजी तर नकोच. जोडून लिहिलेल्या रोमन लिपीत निब एकदा टेकली की शब्दभर धावते. आपण सारखं पेन उचलतो: काना, मात्रा, वेलांटी, शेवटी शिरोरेघ. प्रत्येक टेकणीला शाई तयार हवी. फाजील गुळगुळीत केलेल्या निबमध्ये कधी कधी टोकाची चीर कागदाला लागतच नाही, पहिला स्पर्श कोरडा जातो. बळी पडतो तो अनुस्वार. भराभर 'केलं, गेलं, पाहिलं' अशी वीस क्रियापदं लिहा आणि ठिपके मोजा.

मग 'उद्ध्वस्त' आणि 'वाङ्मय' लिहा, तुमच्या नेहमीच्या अक्षराएवढंच. 'ध'ची गाठ बुजली तर निब एक नंबर बारीक घ्या. जपानी निबा साधारण एका मापानं बारीक असतात: पायलट, सेलर किंवा प्लॅटिनमची मीडियम म्हणजे युरोपातली फाइन. स्टब, म्हणजे रुंद, सपाट टोकाच्या निबचा मोह होतो, पण तिनं काना जाड आणि शिरोरेघ बारीक पडते. बोरूनं अक्षर गिरवलेल्या डोळ्याला हे उलटं वाटतं. आर्किटेक्ट पद्धतीनं घासलेली निब आडवी रेघ भरदार काढते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं, आणि निदान महिनाभर पेन वापरल्यावर.

सोनं १४ कॅरेट की १८, यावर फार वेळ घालवू नका. कागदाला लागतो तो टोकावरचा कठीण मिश्रधातूचा थेंब, सोनं नव्हे. बॉलपेनासारखं दाबून लिहायची सवय असेल तर मऊ निब टाळा, पाकळ्या फाकतात.

दुकानात जाताना आपली वही न्या, खुर्ची मागा, पेन शाईत बुडवून द्यायला सांगा. दोन पानं पूर्ण लिहा. दुकानदार घड्याळ बघत असेल तर बघू दे.

मी शेवटी एम ४०० घेतलं, एफ म्हणजे फाइन निब. बाराव्या पानालाही अंगठा दुखत नाही. नखाजवळचा घट्टा आता इतका मऊ पडलाय की परवा आईला दाखवायला गेले, तर तिला तो बोटानं चाचपून शोधावा लागला.