पहिलं डेथ-थ्रॅश रेकॉर्डिंग: या चुका टाळा

डेथ-थ्रॅश (वेगवान, आक्रमक मेटल) वाजवणाऱ्या नव्या बँडचं पहिलं रेकॉर्डिंग ऐकताना बहुतेक वेळा एकच गोष्ट खटकते. पोरं जीव तोडून वाजवत असतात, पण रिफ (गिटारची परत परत येणारी चाल) कळतच नाही. वेग हातात असतो, कानापर्यंत पोचत नाही. आणि हे बिघडतं ते मिक्सिंगच्या बरंच आधी.

गिटार. सगळ्यात जास्त नुकसान गेनमुळे, म्हणजे ॲम्पवर आवाज किती फाटवायचा ते ठरवणाऱ्या नॉबमुळे होतं. सरावाच्या खोलीत नॉब पूर्ण फिरवला की आवाज दणदणीत वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तीच रिफ डावीकडे आणि उजवीकडे अशी दोनदा घेतली की डिस्टॉर्शन थरावर थर चढतं आणि पाम-म्यूटचा (तळहाताने तारा दाबून मारलेला) ठोका चिखलात रुततो. पिकचा प्रत्येक फटका सुटा ऐकू येईपर्यंत गेन खाली आणा. एकट्या गिटारचा आवाज जरा कोरडा वाटेल, वाटू द्या. मिड्स (मधल्या पट्टीचा आवाज) शून्यावर नेऊ नका. तसं केलं की मोबाइलच्या स्पीकरवर गिटार गायब होते. वेळ वाचवायला एकच टेक कॉपी करून दोन्ही बाजूंना टाकला तर तो मोनोच राहतो, रुंदी येत नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाजवा आणि ॲम्पसोबत डीआयचा (ॲम्पशिवाय, थेट जोडणीतून घेतलेला) कोरडा ट्रॅकही नक्की घ्या. टोन फसला तर पुढे तोच तारतो.

ट्यूनिंग प्रत्येक टेकआधी तपासा. सेपुल्तुरा या ब्राझीलच्या बँडच्या 1986 च्या ‘मॉर्बिड व्हिजन्स’मध्ये गिटारी नीट जुळलेल्या नाहीत. त्या रांगडेपणावर लोकांनी प्रेम केलं, मीही करतो. पण तुमच्या दोन गिटारी एकमेकींशी भांडत असतील तर त्याला रांगडेपणा म्हणू नये. तार जोरात छेडली की सूर क्षणभर वर चढतो, म्हणून ज्या जोराने वाजवणार त्याच जोराने छेडून ट्यून करा. बी ट्यूनिंगवर (सगळ्यात जाड तार बी सुरापर्यंत खाली उतरवून) वाजवत असाल तर जाड तारा लावा आणि नंतर इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागेल अशी जुळवणी) नव्याने सेट करा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात गिटारची मान हलते, तारा गंजतात. ही कामं रेकॉर्डिंगच्या आठवड्यातच करून घ्या.

ड्रम्स. 200 बीपीएमला (मिनिटाला 200 ठोके) डबल बेसवर, म्हणजे दोन्ही पायांनी किक ड्रमवर, सोळांश (एका ठोक्याचे चार भाग) वाजवले तर दोन ठोक्यांत फक्त 75 मिलिसेकंद उरतात. किक घुमत राहिली तर पुढचा ठोका तिच्याच शेपटीवर पडतो. आत चादर किंवा उशी ठेवा, कातडं आवरतं ठेवा, बीटरचा टणका पकडेल असा माइक लावा. क्लिकवर (कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर) वाजवायचं असेल तर गाण्यात जिथे वेग बदलतो तिथे क्लिकही बदलायला हवी. सगळ्या गाण्याला एकच आकडा दिला तर ब्रेकडाउनचा (गाण्यातल्या संथ, जड भागाचा) जीवच जातो.

सिंबल (ड्रमकिटच्या झांजा) सगळ्या माइकमध्ये घुसतात, ही अडचण जुनीच आहे. स्लेयर या अमेरिकन बँडच्या 1983 च्या पहिल्या अल्बमसाठी ड्रमर डेव्ह लोम्बार्डोचे सिंबल नंतर वेगळे रेकॉर्ड केले होते. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका, त्याने वाजवण्यातला ओघ तुटतो. सिंबल थोडे वर चढवा, त्यांच्यावरचा हात हलका ठेवा आणि स्नेअर जोरात मारा.

गुणगुण येतेय? घरच्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर जास्त गेनवर ती भयंकर वाढते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. तरीही राहिली तर दुसरी केबल लावा, ट्यूबलाइट बंद करा, मग इलेक्ट्रिशियनला बोलवा. नॉइज गेटवर (हळू आवाज आपोआप बंद करणाऱ्या साधनावर) भिस्त ठेवली तर तो नोटांच्या शेपट्याही कापतो.

बेस गिटार. तो फक्त गिटारच्या मागून चालला तर कुणालाच सापडत नाही. मिक्समध्ये गिटारींचा सुमारे 80 हर्ट्झखालचा भाग काढून टाका आणि ती जागा बेसला द्या.

ग्रोल (गुरगुरत गायचा आवाज). स्टेजवर माइकची जाळी मुठीत धरायची सवय असते. रेकॉर्डिंगमध्ये त्याने शब्द बोदे होतात. माइक स्टँडवर ठेवा, मध्ये पॉप फिल्टर लावा. सगळी गाणी एका दिवसात ओरडून संपवू नका. घसा बसला की शेवटच्या गाण्यांत नुसती हवा उरते.

आणि ड्रमकिट सोडवण्याआधी एका गाण्याचं कच्चं मिक्स मोनोमध्ये, फोनवर ऐका. किक आणि रिफ दोन्ही ओळखू येत नसतील तर माइक अजून जागेवर आहेत, तेव्हाच पुन्हा घ्या.