भौतिक की रासायनिक? एवढं एकच विचारा: नवा पदार्थ झाला का

"परत पूर्वीसारखं होतं तो भौतिक बदल, होत नाही तो रासायनिक." हे वाक्य घोकून आलेल्या मुलांना मी आधी कागद फाडायला लावते आणि मग म्हणते, आता पूर्वीसारखा करून दाखवा. जमत नाही. तरी तुकडा कागदच असतो, म्हणजे बदल भौतिकच. उलट बाजूने गाडीची शिशाची बॅटरी बघा: वापरताना तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं, चार्ज केली की ते पुन्हा शिसं आणि शिशाचं ऑक्साइड होतं. उलटवता येणारा, तरी अस्सल रासायनिक बदल.

तेव्हा विचारायचं ते एवढंच: पदार्थ तोच राहिला की वेगळा झाला?

रेणू काही डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून पुस्तकं खुणा देतात: बुडबुडे, रंग, उष्णता, वास. या खुणांवर फार विसंबू नका. उकळत्या पाण्यातले बुडबुडे म्हणजे नुसती वाफ. सोड्यावर व्हिनेगर ओतल्यावर फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड मात्र तिथल्या तिथे नव्याने तयार झालेला. रंगाचंही तेच. पांढरं झिंक ऑक्साइड तापवलं की पिवळं पडतं, निवलं की पुन्हा पांढरं. सगळा वेळ ते झिंक ऑक्साइडच असतं.

सगळ्यात चांगली शिकवणी मेणबत्तीची, कारण तिच्यात दोन्ही बदल बोटभर अंतरात चालतात. वातीभोवती मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते. इथपर्यंत सगळं भौतिक. ती वाफ जळते तो रासायनिक बदल. पटत नसेल तर कोरडा, थंड काचेचा ग्लास ज्योतीवर क्षणभर उपडा धरा. आत धूसर ओल जमेल. मेणात पाणी नव्हतं. ते जळताना तयार झालं. आता मेणबत्ती फुंकून लगेच जळती काडी वातीच्या थोडी वर, पांढऱ्या धुरात धरा. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर येते. तो धूर म्हणजे वाफ निवून झालेले मेणाचे बारीक कण, न जळलेलं मेण. मुलं हा प्रयोग पुन्हा पुन्हा करायला मागतात, आणि मलाही कंटाळा येत नाही. मोठं माणूस जवळ हवंच.

संशय आला की जुने गुणधर्म तपासा. लोखंडाचा कीस कितीही बारीक असला तरी चुंबकाला चिकटतो. पूर्ण गंजून त्याची तांबूस भुकटी झाली की तसा चिकटत नाही. वजनही बोलतं: गंज मूळ लोखंडापेक्षा जड भरतो, कारण हवेतला ऑक्सिजन आणि पाणी त्यात सामील झालेलं असतं. चव घेऊन मात्र काहीही तपासू नका.

सिमेंट बऱ्याच जणांना फसवतं. ओली माती वाळते तेव्हा तिच्यातलं पाणी फक्त उडून जातं. पाणी घाला, पुन्हा चिखल. सिमेंट पाणी उडून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग पावतं. म्हणून ते पाण्याखालीही घट्ट होतं, आणि म्हणूनच नव्या बांधकामावर दिवसेंदिवस पाणी मारतात.

राहिलं मीठ पाण्यात विरघळणं. यावर वाद घालता येतो, कारण स्फटिकातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे होऊन पाण्याच्या रेणूंनी वेढले जातात. शाळेच्या पातळीवर मी भौतिकच धरते: पाणी आटवलं की तळाशी तेच मीठ मिळतं. परीक्षेतही तसंच लिहा, आणि कारणाची ओळ गाळू नका.