महिन्याला वीस लेखांवरून दोनवर कसं यायचं

पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मी काही वर्षं वेबसाइटच्या मजकुराचं काम बघत होते. टार्गेट होतं महिन्याला वीस लेख. एक्सेलमधल्या वीस ओळी हिरव्या झाल्या की महिना सुटला. तिसऱ्या वर्षी विषयच उरले नाहीत, तेव्हा ‘पंपाची काळजी कशी घ्याल’, ‘पंपाची निगा राखण्याच्या दहा टिप्स’ आणि ‘पंप देखभालीचे सोपे उपाय’ हे तीन लेख मीच एका तिमाहीत टाकले. तिन्हींत माल एकच, फक्त वाक्यांची जागा बदललेली. सर्व्हिसच्या एका जुन्या टेक्निशियनला सहज विचारलं, की गिऱ्हाइकांना आपले लेख पाठवता का? तो म्हणाला, “मॅडम, त्यांचा पंप बंद पडलेला असतो. तुमचं वाचून तो चालू होत नाही.”

राग आला होता, पण उत्तर सुचलं नाही. त्यानंतर कामाची जी घडी बसवली ती सांगते. तुम्ही पंपाऐवजी सॉफ्टवेअर विकत असाल किंवा विमा, तरी फार फरक पडत नाही.

आधी महिनाभर नवीन काही लिहू नका. वरिष्ठ कासावीस होतील, होऊ द्या. गूगलचं सर्च कन्सोल (शोधातून कुठल्या पानावर किती क्लिक आले ते दाखवणारं साधन) मागच्या १६ महिन्यांचे आकडे ठेवतं, ते पानवार काढा आणि प्रत्येक पान उघडून वाचा. हो, प्रत्येक. कंटाळवाणं आहे, पण स्वतःचाच लेख तिसऱ्यांदा वाचताना जी लाज वाटते ती दुसऱ्या कशाने वाटत नाही. मग तीन ढीग करा: ठेवायचे, एकत्र करायचे, काढायचे. माझे ते तीन देखभालीचे लेख एकाच शोधासाठी एकमेकांशी भांडत होते. त्यातलं कामाचं तेवढं एका पानावर आणलं आणि उरलेल्या दोन पत्त्यांवरून ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पानावर नेणारी कायमची सोय, त्या पानाकडे लावलं. रीडायरेक्ट त्याच विषयाच्या पानावर न्यायचं. सगळं होमपेजवर ढकलून देणं म्हणजे आलेल्या माणसाला दारातच सोडून देणं. जुळणारं पान नसेल तर ४०४ (‘पान सापडलं नाही’) किंवा ४१० (‘पान काढून टाकलंय’) जाऊ द्या, त्यात काही वाईट नाही.

इथे मी एकदा तोंडावर आपटले. मोटरच्या वायर जोडणीचं एक रुक्ष पान होतं, नुसती आकृती आणि चार ओळी. १६ महिन्यांत क्लिक जवळपास शून्य, म्हणून काढून टाकलं. दुसऱ्याच दिवशी सर्व्हिसवाले माझ्या टेबलाशी हजर. ते त्या पानाची लिंक रोज व्हॉट्सॲपवर पाठवत होते! सर्च कन्सोल फक्त गूगलच्या शोधातून आलेले क्लिक मोजतं, असं थेट पाठवलेलं त्यात दिसतच नाही. तेव्हापासून काहीही काढण्याआधी विक्री आणि सर्व्हिसच्या लोकांना यादी दाखवते. आणि खरी कसोटीही मला तिथेच सापडली: आपलाच माणूस हे पान गिऱ्हाइकाला आपणहून पाठवेल का?

आता विषय. कीवर्डच्या, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात त्या शब्दांच्या, याद्या नंतर बघा, आधी फोन उचलणाऱ्या माणसाशेजारी वही घेऊन दोन दिवस बसा. लोक जे बोलतात ते जसंच्या तसं उतरवा, शुद्ध करू नका. ‘पंपातील प्रवाह-समस्या’ असं कुणीही म्हणत नाही. “मोटर चालतेय, पण पाणी येत नाही” असं म्हणतात. माझ्या वहीत हे एक वाक्य इतक्या वेळा आलं, की पुढच्या लेखाचं शीर्षक तेच झालं.

त्या लेखाची जुनी सुरुवात अशी होती: ‘पंप कार्यक्षमतेने चालण्यासाठी नियमित देखभाल अत्यंत महत्त्वाची असते. योग्य देखभालीमुळे पंपाचे आयुष्य वाढते.’ चूक एकही नाही, उपयोगही नाही. ‘पंप’ खोडून ‘दात’ लिहा, तरी चालतंय. नवीन सुरुवात अशी झाली:

‘आधी पंप बंद करा. कोरडा चालत राहिला तर सील जातं. मग प्रायमिंगचं झाकण उघडून पाणी भरा. भरलेलं पाणी लगेच खाली उतरत गेलं, तर फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) गळतोय. बहुतेक वेळा त्यात खडा किंवा कचरा अडकलेला असतो. पाणी टिकतंय पण पंप उचलत नाही, तर सक्शन पाइपच्या जोडांतून हवा शिरतेय का ते बघा. थ्री-फेज मोटर नुकतीच जोडली असेल तर ती उलटी फिरत असू शकते. वायरमनकडून दोन फेज अदलाबदल करून घ्या.’

यातलं जवळजवळ काहीच माझं नाही. मी कच्चा मसुदा प्रिंट काढून त्या टेक्निशियनला दिला, त्याने निम्मा लाल पेनने खोडला आणि क्रमही बदलला. मी झाकण उघडण्यापासून सुरुवात केली होती. ‘आधी पंप बंद करा’ हे त्याने समासात लिहिलं. मला ते सुचलंच नव्हतं.

शेवटी आम्ही आणखी एक परिच्छेद टाकला, की पाण्याची पातळी पंपापासून सात-आठ मीटरपेक्षा खोल असेल तर वर बसवलेला हा पंप ते ओढू शकत नाही, दुसऱ्या प्रकारचा घ्या. हवेचा दाब पाणी कागदोपत्रीसुद्धा साधारण १०.३ मीटरच चढवतो, तेही समुद्रसपाटीला. विक्रीप्रमुख चिडले, “आपणच लोकांना घेऊ नका म्हणतोय?” मी तो परिच्छेद हट्टाने ठेवला. पुढे त्यांचीच पोरं तो भाग गिऱ्हाइकांना दाखवायला लागली, कारण चुकीचा पंप गेला की तो परत येतो आणि सोबत शिव्याही येतात. तुमच्या लेखात ‘हे कुणी घेऊ नये’ असं एकही वाक्य नसेल, तर तो लेख नसून पत्रक आहे.

हेल्मेट घातलेल्या हसऱ्या माणसाचा विकतचा फोटो काढून टाकला. खडा अडकलेल्या फूट व्हॉल्व्हचा फोटो मोबाइलवर काढला. थोडा हललाय, पण खडा दिसतो.

लांबीचं विचाराल तर गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्वच्छ सांगितलंय, की त्यांची अशी कुठलीही आवडती शब्दसंख्या नाही. दीड हजार शब्दांचा आग्रह कुणी धरला तर हे दाखवा.

वरिष्ठांना पटवणं हा सगळ्यात अवघड भाग. त्यांना वीस आवडतात कारण वीस मोजता येतात. मी इतिहासापासून सुरुवात केली: २०११ मध्ये गूगलच्या पांडा अपडेटने घाऊक मजकूर पाडणाऱ्या साइट्स खाली ढकलल्या, ऑगस्ट २०२२ मध्ये उपयुक्त मजकुराबद्दलचं अपडेट आलं, आणि मार्च २०२४ पासून शोधाच्या क्रमवारीत वर येण्यासाठी ढिगाने पानं पाडणं हे गूगलच्या नियमांनुसार स्पॅम ठरतं, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. (आता यंत्राने वीस लेख तासाभरात होतात. समासातलं ते एक वाक्य त्यांत सहसा नसतं.) हे ऐकून ते नुसते मान हलवत होते. मोजायला दुसरं काही दिल्यावर विषय मिटला. महिन्याचा अहवाल आता तीन ओळींचा: कुठली पानं आपल्या लोकांनी किती वेळा पाठवली, त्या प्रश्नाचे फोन कमी झाले का, जुनी किती पानं दुरुस्त केली. नवीन लेख दोन.

दोन हा आकडा पवित्र नाही. सुट्या भागांच्या कॅटलॉगला शेकडो पानं लागतातच, कारण प्रत्येक मॉडेलचं सील वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच पान हवं असतं. तिथे संख्या कमी करणं हा निव्वळ आळस. आणि नुकतंच लिहायला लागलेल्या मुलाने हात बसेपर्यंत भरपूर लिहावं, फक्त सगळं छापू नये.

दर सहा महिन्यांनी चालणारी पानं पुन्हा त्याच टेक्निशियनकडे नेते. मजकूर बदलला तरच तारीख बदलायची, नुसती तारीख ताजी करायची नाही. मागच्या खेपेला त्याने पाणी न येण्याचा लेख दोन मिनिटं वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाला, “नव्या मॉडेलचं झाकण बाजूला आलंय. फोटो बदला.”