चक्की, पंप, भुलाबाई: मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून दोन मिनिटांचा ऑडिओ कसा बनवायचा

"गावाचे आवाज" म्हणून इंटरनेटवर जे सापडतं त्यात पहिले कोंबडा आरवतो, मग मंदिराची घंटी, मग बासरी सुरू होते आणि ती बासरी काही केल्या थांबत नाही. तसला ऑडिओ साताऱ्याचा आहे का बिहारचा हे ऐकणाऱ्याले कळूच शकत नाही. आपल्याले ते करायचं नाही. आपण एक काम निवडायचं, ते काम सुरू होताना, चालताना आणि बंद होताना काय काय वाजतं ते रेकॉर्ड करायचं आणि त्याचा दीड-दोन मिनिटांचा तुकडा जोडायचा, बस. मोबाईल पाहिजे आणि वायरवाला हेडफोन पाहिजे. ब्लूटूथवाला नको, कारण त्यात आवाज उशिरा येतो आणि कधी कधी फोन स्वतःचा माइक सोडून त्या हेडफोनचाच माइक धरून बसतो.

पहिले ठरवा, काय रेकॉर्ड करायचं

ज्याले सुरुवात आणि शेवट आहे असं काम शोधा. नुसता पाऊस पडून राहिला, तर तो ऐकायला छान, पण दोन मिनिटांत त्यात काही घडत नाही. त्यापेक्षा शेतातला पंप घ्या. स्टार्टरचा खटका, मोटर धरते तो आवाज, मग पाइपातून पहिले नुसती हवा येते फसफस करत, मग पाण्याचे गचके, आणि मग धार लागते. बोलायची गरजच नाही, ऐकणारा वाट पाहून राहतो की पाणी येते का नाही.

आपल्याकडे विदर्भात महिन्यागणिक आवाज बदलतात, त्यामुळे कॅलेंडर पाहून ठरवलं तर सोपं जातं. पोळ्याले तोरणाखाली झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणतात तेव्हा एक जण ओळ टाकतो आणि सगळे मिळून "हर बोला हर हर महादेव" करतात, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याले पोट्टे लाकडी बैल सिमेंट रोडवरून ओढत नेतात, त्या चाकांची खडखड तर विदर्भाबाहेर फारशी कोणी ऐकली पण नसेल. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, म्हणजे पोरींचा गाण्यांचा सण. गाणी सगळेच रेकॉर्ड करतात, तुम्ही टिपऱ्यांच्या ठेक्यासोबत तो खाऊचा डबा पकडा, जो पोरी कानाजवळ हलवून आत काय आहे ते ओळखतात. दिवाळीनंतर कापसाचं जिनिंग सुरू, गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या गिरण्या, आणि वडसा-गडचिरोलीकडे झाडीपट्टीच्या नाटकांचे मंडप, तिथं नाटकापेक्षा नाटकाआधीचा तास जास्त वाजतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटे गळतात, वाळलेल्या पानांवर पडली की टप्प असा आवाज येतो. पण जंगलालगतच्या गावात पहाटे अंधारात कानात हेडफोन घालून एकटं बसू नका, गाववाले निघतात तेव्हा त्यांच्यासोबतच जा, वाघ-अस्वलाची गोष्ट आहे, गंमत नाही.

आणि जे बंद व्हायला आलं ते पहिले घ्या. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वे आठवा. तिचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये गेलं, डिझेल आलं, पुढं गाडीच थांबली. आता तो आवाज कोणाले ऐकवायचा म्हटलं तर कुठून आणणार? तिकडं पॅरिसमध्ये पिएर शेफर नावाच्या रेडिओ इंजिनिअरनं १९४८ मध्ये रेल्वे स्टेशनवर जाऊन इंजिनांचे आवाज घेतले आणि तेच कापून-जोडून रेडिओवर वाजवले, तेही तबकड्यांवर, कारण टेप तेव्हा त्याच्या हाताशी नव्हती. आपल्याजवळ तर खिशात मशीन आहे.

मोबाईलची सेटिंग

फोनमधलं नेहमीचं रेकॉर्डर अॅप माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं. ते मागचा आवाज दाबते, लहान आवाज वर ओढते आणि मोठा खाली ढकलते, म्हणजे आपल्याले जे पाहिजे नेमकं तेच खराब करते. आयफोन असेल तर व्हॉइस मेमोजच्या सेटिंगमध्ये क्वालिटी लॉसलेस (आवाज न कापता साठवणारी) करा. अँड्रॉइडवर असं फुकटचं अॅप घ्या ज्यात वेव्ह फॉरमॅट (हाही आवाज न कापता साठवतो) निवडता येतो आणि नॉइज सप्रेशन (मागचा आवाज दाबणं), ऑटो गेन (आवाज आपोआप वर-खाली करणं) हे बंद करता येतात. सॅम्पल रेट (सेकंदाले आवाज किती वेळा मोजायचा तो आकडा) ४८ किलोहर्ट्झ ठेवा. १६ बिट मोनोमध्ये एका मिनिटाले साधारण ६ एमबी लागतात, २४ बिट स्टिरिओ असेल तर १७ एमबीच्या आसपास, त्यामुळे निघायच्या आधी लग्नाचे व्हिडिओ थोडे उडवा.

मग एअरप्लेन मोड. हे विसरू नका, कारण नेमकं चांगलं चालून राहिलं की कोणाचा तरी कॉल येतोच.

फोनचा माइक कुठं आहे ते शोधा, बहुतेक खाली चार्जिंगच्या बाजूला बारीक छिद्र असतं, तिथं बोट यायले नको. फोन हातात धरून रेकॉर्डिंग केलं की बोटांची घसघस येते. दुपट्ट्याची घडी करून त्यावर ठेवा, भिंतीवर, पोत्यावर, सायकलच्या कॅरिअरवर, कुठंही, पण हातातून सोडा.

लाईन गेली की निघा

नको असलेला आवाज नंतर कॉम्प्युटरवर काढता येईल हा गैरसमज सोडा. तो रेकॉर्डिंगच्या वेळीच टाळावा लागतो. घरात फ्रिज, पंखा, ट्यूबलाईटचा चोक यांची ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली १००, १५० ची गुणगुण सारखी चालू असते, कान तिला विसरतो पण माइक विसरत नाही. उन्हाळ्यात तर गल्लीभर कुलर, मग काय बोलायचं. म्हणून लाईन गेली की शिव्या देत बसू नका, फोन उचला. भाकर थापायचा आवाज, परातीवर बांगड्या वाजतात तो, चुलीत लाकूड फुटते तो, हे सगळं लाईन नसताना जसं येते तसं एरवी येतच नाही.

बाहेरचं करायचं तर पहाट. तेव्हा वारा पडलेला असतो, आणि जमिनीजवळची हवा थंड, वरची त्यामानानं गरम असल्यामुळे आवाज वर न जाता खाली वाकतो आणि लांबपर्यंत पोचतो, म्हणून तर दिवसा कधी न ऐकू येणारी रेल्वे पहाटे गावात ऐकू येते. मे महिन्यात दुपारी निघालात तर एक तर लू वाऱ्यानं माइकमध्ये नुसतं भडभड होईल, दुसरं म्हणजे फोन तापून स्वतःच बंद पडेल. वारा असेलच तर पाठ वाऱ्याकडे करून अंगाच्या आडोशाला रेकॉर्ड करा, आणि माइकच्या छिद्रावर जुन्या टेडीची फर रबरानं बांधा. दिसते बावळट, पण काम करते.

आता प्रत्यक्ष: चक्की

सुरुवात करायले गावातली पिठाची चक्की सगळ्यात चांगली. पहिले चक्कीवाल्या काकांले विचारा. "काका, चक्कीचा आवाज रेकॉर्ड करू का? फोटो-गिटो नाही, नुसता आवाज" असं सरळ सांगा. ते हसतील, "तो का रेकॉर्ड करतं बे, डोकं दुखते त्यानं" म्हणतील, आणि करू देतील. दळण घेऊन आलेल्या बाया-माणसांलेही सांगा. कोणी नको म्हटलं तर त्यांचं दळण होईपर्यंत बाहेर थांबा.

रेकॉर्डिंग चालू केल्यावर पहिले गाव, तारीख, वेळ आणि काय आहे ते तोंडानं बोला. हे नंतर कापायचंच आहे, पण सहा महिन्यांनी फाईल उघडल्यावर तेच कामी पडते. मग दहा सेकंद गप्प. शेवटीही दहा सेकंद गप्प राहून मगच बंद करा, तेवढ्या शांततेवरच पुढं जोड बसवता येतो.

एकाच जागेवरून सगळं घेऊ नका. दारातून एकदा घ्या, तिथून डबे ठेवल्याचे, सायकलचं स्टँड लावल्याचे, लोकांच्या बोलण्याचे आवाज येतात. मग पट्ट्याजवळून (जवळून म्हणजे हातभर लांबून, दुपट्टा आणि वायर सांभाळा, पट्टा कोणाची ओळख ठेवत नाही). पट्ट्याचा सांधा पुलीवरून गेला की दर फेरीले टक असा वाजतो, आणि तोच तुमच्या तुकड्याचा ठेका आहे. मग खाली, जिथं कापडी नळीतून पीठ डब्यात पडते तिथं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरच्या पेटीतलं धान्य संपायले येते तेव्हाचं घ्या. दगडांमध्ये दाणा कमी झाला की घरघर पातळ होते, कडक होते, आणि काका पाठ करून कोणाशी बोलत असले तरी त्यांचा हात बरोबर तिकडं जातो. तेवढे पंधरा-वीस सेकंद मिळाले की समजा निम्मं काम झालं. मग मोटर बंद करतात तेव्हा दगड हळूहळू थांबतात ते पूर्ण घ्या, मधेच उठू नका. दगडाले टाकी लावायचा (छिन्नीनं परत खडबडीत करायचा) दिवस सापडला तर बोनस, त्या दिवशी चक्की बंद आणि नुसती छिन्नीची टकटक.

लेव्हल पाहा. अॅपमधला काटा जास्तीत जास्त उणे १२ डेसिबलपर्यंत जावा, शून्याला लागला की आवाज फाटला आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. चक्की, डीजे, थ्रेशर असल्या मोठ्या आवाजात कधी कधी काटा नीट दिसतो तरी फोनचा माइक आतूनच फाटतो, तेव्हा मागे सरका. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो, म्हणजे एक मीटरवर होता तर दोन मीटरवर जाऊन पाहा. बंद खोलीत भिंतींमुळे एवढा फरक पडत नाही, म्हणून चक्कीत सरळ दाराबाहेरच या.

शेवटी चक्की बंद असताना त्याच जागेचं एक मिनिट रिकामं रेकॉर्डिंग. त्यात काहीच नाही असं वाटेल, पण जोडकाम करताना दोन तुकड्यांच्या मधली जागा याच्यानंच भरायची असते, पुट्टीसारखी.

एक कटकट सांगून ठेवतो. मागे स्पीकरवर फिल्मी गाणं वाजत असेल तर ते रेकॉर्डिंग सोडून द्या. गाण्याचे हक्क कंपनीचे असतात, अपलोड केल्यावर व्हिडिओ साइट ते गाणं आपोआप ओळखते आणि तुमचा ऑडिओ अडकतो. शिवाय त्या गाण्यापुढं चक्की कोणी ऐकत नाही.

जोडकाम

कॉम्प्युटर असेल तर ऑडॅसिटी, फुकट आहे, २००० सालापासून आहे आणि जुनाट लॅपटॉपवर पण चालते. मोबाईलवरच करायचं तर बँडलॅब किंवा लेक्सिस ऑडिओ एडिटर चालते. मूळ फाईलची कॉपी करून कॉपीवरच काम करा.

पहिले सगळं एकदा डोळे मिटून ऐका आणि फक्त वेळ लिहा, ३:१२ धान्य संपलं, ५:४० मोटर बंद, असं. मग त्यातले सात-आठ तुकडे उचला, जास्त नको. चक्कीसाठी मी असा क्रम लावीन: दाराबाहेरचे दहा सेकंद, खटका आणि मोटर धरणं, पट्ट्याचा ठेका, मग अचानक कापून एकदम जवळून पिठाची धार, "गहू आहे का ज्वारी?" हा एवढाच माणसाचा आवाज, दाणा संपतानाची घरघर, बंद, आणि पत्र्याच्या डब्याचं झाकण. एकूण दोन मिनिटांच्या आत. प्रत्येक तुकडा तुम्हाले वाटते त्यापेक्षा थोडा जास्त चालू द्या, रील्स पाहून पाहून आपली सवय तीन सेकंदांची झाली आहे, पण ऐकण्याले त्यापेक्षा वेळ लागतो.

जिथं कापलं तिथं टिक असा आवाज येतो, म्हणून दोन्ही टोकांले १०-२० मिलिसेकंदांचा छोटा फेड (आवाज हळूहळू वर-खाली होणं) द्या. वाऱ्याची भडभड कमी करायले ८० हर्ट्झवर हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारी चाळणी) लावा. नॉइज रिडक्शन जमलं तर लावूच नका, फार लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. संगीत टाकू नका. तरी टाकावंसं वाटलंच तर एकदा संगीत बंद करून ऐका, आणि कंटाळा आला तर दोष रेकॉर्डिंगचा आहे, परत चक्कीवर जा.

शेवटी आवाजाची पातळी उणे १६ लफ्सच्या (कानाले एकूण किती मोठं वाटते त्याचं माप) आसपास आणि सगळ्यात उंच टोक उणे १ डेसिबल, असं ठेवलं की पॉडकास्टच्या पातळीले बसते. मग हेडफोनवर ऐका आणि एकदा फोनच्या स्पीकरवरही ऐका, कारण लोक तिथंच ऐकणार आहेत आणि त्या स्पीकरमध्ये खालचे स्वर जवळपास येतच नाहीत. चक्कीचा घनघोर नाद हेडफोनमध्ये छातीत बसते आणि फोनवर गायब होते, तिथं तो पट्ट्याचा टक आणि पिठाची सरसरच तुम्हाले वाचवते.

पाठवायचं कुठं

मूळ वेव्ह फाईल पेन ड्राइव्हवर ठेवा आणि वाटायले १९२ केबीपीएस एमपी३ काढा. फाईलचं नाव गाव-काम-तारीख असं द्या, "न्यू रेकॉर्डिंग ४७" असं ठेवलं की गेलंच ते. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे जशीच्या तशी जाते. स्पीकरवर लावलेलं परत व्हॉइस नोट करून पाठवाल तर दोनदा दळल्यासारखं होते.

जगाले ऐकवायचं असेल तर फ्रीसाउंड नावाची साइट आहे, बार्सिलोनाच्या एका विद्यापीठानं २००५ मध्ये सुरू केलेली, तिथं क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सवर (ठरवलेल्या अटींवर इतरांले वापरू देणारा परवाना) नुसते आवाज टाकता येतात. माणसांचं बोलणं असलेला भाग मात्र त्यांले ऐकवून, विचारूनच टाका. आणि तिकडं टाकायच्या आधी चक्कीवाल्या काकांच्या नंबरवर पाठवा. ते ऐकतील आणि नक्की सांगतील की भाऊ, दगड ढिला होता त्या दिवशी, आता नीट केला, उद्या येऊन परत घे.