मृगाआधी सोसायटीचं पाणी असं वळवा

आमची सोसायटी पुण्यात, आंबिल ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होतं. ओढ्याचा पूर आपल्या हातात नाही. पण आपल्या गच्चीचं पाणी तरी त्यात लोटू नये, म्हणून ही खटपट.

आधी हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमची गच्ची ३०० चौरस मीटर. ५० मिलिमीटर पडला की १५,००० लिटर. आणि मे महिन्यात आम्हीच टँकरला पैसे मोजतो!

पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन खाली उतरा, पाणी कुठे पळतं ते बघा. आमच्या पेव्हर ब्लॉकचा उतार चक्क जिन्याकडे निघाला.

गच्चीचे पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले असतील तर आधी ते तोडून घ्या, नाहीतर तळमजल्याच्या संडासातून पाणी वर येतं. ते पाणी शोषखड्ड्यात सोडा: तळाशी मोठे दगड, वर खडी, त्यावर जाड वाळू. खड्डा इमारतीच्या पायापासून लांब हवा. खणण्याआधी हातभर खळगा करून बादलीभर पाणी ओता. काळ्या मातीत ते तसंच साचून राहिलं तर जागा बदला. पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी खड्ड्यात न सोडता पाइपवरचा व्हॉल्व्ह उघडून बाहेर घालवा. खड्डा भरल्यावर जादा पाण्याला पावसाळी गटाराकडे वाट ठेवाच.

पाणी जातं त्या तोंडांवरच्या जाळ्या मे अखेरीस एकदा साफ करून भागत नाही. आमच्या दारचा गुलमोहर दोन दिवसांत त्या पुन्हा बुजवतो, म्हणून वॉचमनच्या केबिनमध्ये खराटा आणि तारेचा आकडा कायम टांगलेला असतो.