‘चिमणराव’ची तारीख नसलेली कात्रणं: कागद उलटा करा

मुंबई दूरदर्शनवरच्या ‘चिमणराव’ मालिकेची जुनी कात्रणं कोल्हापुरात रद्दीवाल्याकडे अजून हाती लागतात. चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे या जोडीचा फोटो असतो, पण तारीख कापून गेलेली. तारखेशिवाय मालिकेचा इतिहास नीट लावता येत नाही.

१. कात्रण उलटा. खरा खजिना मागच्या बाजूला असतो: क्रिकेटचा धावफलक, गुळाचा नाहीतर सोन्याचा भाव, गावात लागलेल्या चित्रपटांच्या जाहिराती. कसोटीचा धावफलक अर्धा जरी असला तरी सामना सापडतो आणि तारीख एक-दोन दिवसांच्या टप्प्यात येते. माझा पहिला भरवसा त्याच्यावरच.

२. मजकुरातून काळाची हद्द ठरवा. रंगीत टीव्हीची जाहिरात असेल तर कात्रण बहुधा १९८२ च्या आसपासचं किंवा नंतरचं. प्रभावळकरांच्या ‘चौकट राजा’ चित्रपटाचा उल्लेख आला तर ते १९९१ च्या सुमाराचं किंवा त्यानंतरचं, म्हणजे आठवणीपर लेख. मालिका चालू असतानाचं कात्रण जास्त मोलाचं, ते वेगळं ठेवा.

३. अंदाज आला की करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या वाचनालयात त्या दिवसांचे अंक पाहायला मिळतील का, विचारा. मूळ पान दिसलं की दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा रकानाही वाचा. भागाची वेळ तिथंच मिळते.

तारीख पाकिटावर पेन्सिलीनं लिहा. कात्रणाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको: मग ते पुन्हा सोडवता येत नाही.