एम्बेडेड बोर्डाची रॅम: स्लॉटमध्ये बसली म्हणजे जुळली, असं नसतं

एम्बेडेड बोर्डात (उपकरणाच्या आत बसणाऱ्या छोट्या संगणकात) रॅमचं नवं मॉड्यूल घातलं, स्क्रीन काळी, की लगेच कुणीतरी बायोस (बोर्ड सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट करायला निघतं. आधी मॉड्यूल बाहेर काढा आणि लेबल वाचा.

सगळ्यात छळणारी चूक व्होल्टेजची. लेबलवर पीसी३-१२८०० आहे की पीसी३एल-१२८००, फरक एका 'एल'चा. दोन्ही २०४ पिनांची, खाच एकाच जागी, त्यामुळे स्लॉटमध्ये दोन्ही बिनबोभाट बसतात. पण साधं डीडीआर३ (लेबलवरचं पीसी३) १.५ व्होल्टचं, डीडीआर३एल (पीसी३एल) १.३५ व्होल्टचं. 'एल' मॉड्यूल १.५ वरही चालतं. उलट बाजूने तशी हमी नाही. इंटेल ॲटम ई३८०० मालिकेच्या बोर्डांना १.३५ चंच लागतं. काही बायोस एसपीडी (मॉड्यूलवरच्या चिपमध्ये नोंदलेली त्याची माहिती) वाचून तिथेच अडून बसतात, ते परवडले. खरा ताप देतो तो बूट होणारा बोर्ड. टेबलावर उघडा असताना दोन तास गुण्यागोविंदाने चालतो. मग बिनपंख्याच्या बंद डब्यात जातो, आतलं तापमान चढतं आणि कर्नल पॅनिक (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच कोसळणं) सुरू होतात: आज नेटवर्क ड्रायव्हरमध्ये, उद्या फाइल सिस्टिममध्ये. लोक आठवडाभर ड्रायव्हर उकरत बसतात. पॅनिकची जागा दर वेळी बदलत असेल, तर कोड बाजूला ठेवा आणि रॅम तपासा.

दुसरी चूक 'आठ जीबी म्हणजे आठ जीबी' समजण्याची. लेबलवर २आरएक्स८ (दोन रँक, म्हणजे चिपांचे दोन गट) असेल तर ४ गिगाबिटच्या १६ चिप; १आरएक्स८ असेल तर ८ गिगाबिटच्या ८. ८ गिगाबिटच्या चिपला एक ॲड्रेस बिट जास्त लागतो आणि डीडीआर३ च्या काळातले बरेच कंट्रोलर तिथे हात टेकतात. मग बोर्ड उठत नाही किंवा मेमरी अर्धीच दिसते. मॅन्युअलमध्ये कमाल क्षमतेसोबत चिपची घनता (एका चिपमध्ये किती गिगाबिट) आणि रँकही बघा. घाईत हीच ओळ सुटते.

ईसीसी (मेमरीतल्या चुका स्वतः दुरुस्त करणारं) मॉड्यूल घातलं म्हणून ईसीसी सुरू होत नाही, प्रोसेसर आणि बोर्ड दोघांची साथ लागते. अनबफर्डच्या (साध्या मॉड्यूलच्या) जागी रजिस्टर्ड (मध्ये रजिस्टर चिप असलेलं, सर्व्हरचं) तर घालूच नका.

मॉड्यूल बदलल्यावर पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड नव्या रॅमशी वेळेचा मेळ जुळवतो. काळी स्क्रीन दिसताच प्लग उपटू नका, पाच मिनिटं थांबा. सिरियल कन्सोल (बोर्डाचे संदेश दुसऱ्या संगणकावर दाखवणारी तार) जोडलेला असेल तर अंदाजपंचे काही करावं लागत नाही.

दोन मॉड्यूल असतील तर एकेक करून, एकाच स्लॉटमध्ये तपासा. चालतंय याची खात्री असलेलं एक छोटं मॉड्यूल कायम हाताशी असू द्या. स्लॉट खराब की रॅम, हे त्याने दोन मिनिटांत कळतं. लिनक्स उठत असेल तर 'डीएमआयडीकोड' या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या कमांडच्या प्रकार १७ मध्ये पार्ट नंबर, वेग आणि रँक मिळतात. ते लेबलशी ताडून बघा.

मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) मात्र डबा बंद करून, उपकरण जिथे बसणार आहे तिथल्या कमाल तापमानाला, किमान चार फेऱ्या. उघड्या बोर्डावरची एक फेरी ही निव्वळ मनाची समजूत.